काउलिंगमधला दिवा

नेव्हिलने तिसऱ्यांदा करवत घेतली
आणि विमानाच्या नाकपुड्या आणखी मोठ्या केल्या.
फेब्रुवारी. यॉर्क द्वीपकल्पावर बेचाळीस अंश.
गव्हाची धसकटं नुसत्या उन्हाने तडतडत होती
आणि तीन नंबरचं सिलिंडर
चढताना दर वेळी दोनशे तीसच्या पुढे.

नऊ वर्षं हे विमान आमच्या शेडमध्ये आहे.
पूर्वी तिथे मेंढ्या कातरायचे.
फळ्यांना अजून लोकरीचा ओशट वास येतो,
त्यात आता इपॉक्सीचा, त्यात नेव्हिलच्या घामाचा.
पंख घडताना पाहिले, शेपूट घडताना पाहिली,
नवरा मात्र बहुतेक पाठमोराच पाहिला.

“गरम होतंय ना, मग हवा जास्त घ्यायची,” तो म्हणायचा.
तोंड वाढलं तसा वेग घटला.
सहा नॉट गेले, ताप तसाच.
हवा दारापर्यंत यायची, अडायची,
आल्या पावली बाहेर सांडायची,
आणि त्या सांडण्याची किंमत
आम्ही पेट्रोलमध्ये मोजायचो.

मला इंजिनातलं काय कळतं?
मी कडीनाच्या बेकरीत सव्वीस वर्षं पेस्टी भाजल्या,
मनगटावर डाग आहेत त्याचे.
पण भट्टीचं एक सांगते:
धुराडं कोंदलं असेल तर
दार कितीही उघडा, आग कुढतच राहते.
मी विचारलं, “येते कुठून ते कळलं. जाते कुठून?”
तो पाना पुसत राहिला.
दोन दिवस पुसत राहिला.

तिसऱ्या रात्री त्याने शेडमधले दिवे घालवले.
काउलिंगच्या आत, सिलिंडरांच्या वर
एक छोटा दिवा ठेवला, झाकण लावलं.
“खालून बघ, एल्व्हा.”
गुडघे कुरकुरले, पण वाकले.
बघते तर चाळणी!
रबराच्या पट्टीखालून उजेडाची रेघ,
ऑइल कूलरच्या कोपऱ्यात नाण्याएवढा कवडसा,
मागच्या पत्र्यात, वायर जाते तिथे, चक्क चांदणी.
सिलिंडरच्या फिन्समधून घासत जायचं सोडून
हवा या चोरवाटांनी पळत होती.
आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

त्याचा खापरपणजोबा कॉर्नवॉलहून आलेला,
मूंटाच्या तांब्याच्या खाणीत.
मेणबत्तीची ज्योत कुठे झुकते ते बघून
वारा कुठून निसटतो ते सांगायचा म्हणे.
हे नेव्हिलनेच मला लग्नाआधी सांगितलं होतं
आणि विसरला होता.
मी विसरले नव्हते,
पण आठवलं तेही आत्ताच, जमिनीवर पालथी पडल्यावर.

मग लाल सिलिकोनच्या पाच नळ्या.
सगळीकडे सिलिकोन, माझ्या नखांतसुद्धा.
नाकपुड्या परत लहान केल्या, ओठ गोल घोटले,
खाली, बाहेर पडायच्या जागी, वळण दिलं:
तापलेली हवा वाऱ्याला आडवी जाऊ नये,
चालत्या माणसाच्या शेजारून चालू लागावं
तशी त्याच्यात मिसळावी.

शनिवारी तो मुद्दाम भर दुपारी उडाला.
नाकावर लोकरीचे दोरे चिकटवलेले,
आमच्याच मेंढ्यांची शेवटची लोकर.
डॅशबोर्डवर मत्स्यपेटीची नळी, तिच्यात बीटचं पाणी,
वरचा दाब आणि खालचा दाब मोजायला.
मी कुंपणाशी, माशा हाकत.
आवाज सायलोच्या मागे गेला, बारीक झाला,
मग ऐकूच येईना.
तेवढा वेळ मी माशाही हाकल्या नाहीत.

उतरला. प्रॉपेलर थांबला.
हा आतच बसून, वहीत लिहितोय.
शेवटी वही माझ्याकडे फिरवली.
बीटचं पाणी: आठ होतं, तेरा झालं.
वेग: आठ नॉट जास्त.
तीन नंबर: एकशे नव्व्याण्णव.

मी म्हणाले, “झालं तर मग!”

“पण चार नंबर आता दोनशे सहा दाखवतोय,”
तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला
की मला कळलं,
दहावं वर्ष लागलं.